भिंतीपलीकडच्या बैठका

धुळ्यात पांझरेकाठच्या एका गल्लीत झुंबरबाई राहायची. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा पुना एक्कावन्न साली भादव्यात मुदतीच्या तापाने गेला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्यानंतर ती लोकांच्या मिरच्या नि हळद कांडून पोट भरायची. तिच्या अंगणाची मागची भिंत म्हणजेच तालमीची भिंत. सकाळी ऊन अंगणात उतरलं की इकडे तिचं मुसळ सुरू व्हायचं आणि पलीकडे पहिलवानांच्या बैठका. पुनाही त्याच तालमीतला.

मुसळाच्या ठेक्यावर ती गायची. आवाज घोगरा, पण लांबवर जाणारा. तालमीचे वस्ताद चुडामण नाना एकदा तिच्या दाराशी येऊन उभे राहिले.

“अक्का, एक सांगू का? तुमी भजन म्हनतस तवय पोरे दोनशे बैठकामा थकी जातस. हळदनं गानं म्हनतस तवय तीनशे मारतस. आनि कानबाई देवीनं गानं लागनं का कोनी थांबतच नही.”

झुंबरबाईला हसू आलं. पुना गेल्यापासून कुणी तिच्याकडे काही मागायला आलंच नव्हतं.

“मंग काय म्हनू, नाना?”

“हळदनं म्हना. जत्रा जोडे उनी.” जत्रेतल्या कुस्त्या तोंडावर आल्या होत्या.

त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून कांडायला बसू लागली. लय वाढवली की पलीकडचे पाय वाढायचे, उतरवली की उतरायचे. पाच जणांची दहा पावलं तिच्या मुसळाला बांधल्यासारखी मातीवर पडायची. तिला बरं वाटायचं.

गुढीपाडवा होऊन चार-सहा दिवस झाले असतील. कांडता कांडता तिच्या तोंडून पाळणा निघाला. पुनासाठी म्हणायची तोच. पाळण्याची लय ती किती संथ! पोरं आता ढिली पडणार, हे लक्षात येऊन ती थांबणारच होती. पण पलीकडचा आवाज कमी झाला नाही, उलट वाढला. तिने कान दिला. पाच जणांच्या पावलांमागे आणखी एक पाऊल पडत होतं. उजवा पाय धप्प आणि डावा किंचित उशिरा. लहानपणी बैलगाडीचं चाक पुनाच्या डाव्या पावलावरून गेलं होतं. तो बैठक मारून उठताना असाच आवाज यायचा.

तिने मुसळ खाली ठेवलं नाही. गात राहिली.

पलीकडे काय चाललं होतं ते मला भिकनने सांगितलं. पाचांतला तो सगळ्यांत थोराड. “सातशे झाल्या, नऊशे झाल्या,” तो म्हणाला, “पण मांड्या भरून येईनात. एकमेकांकडे बघावं तर सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले, झोपाळलेल्या लेकरासारखे. कुणाच्या अंगावर घामाचा थेंब नाही. वस्ताद ओरडले, थांबा! ऐकू आलं, पण थांबता येईना. तिकडे गाणं संपलं आणि आम्ही जागच्या जागी कोसळलो.”

आठ दिवस झुंबरबाई पाळणाच म्हणत राहिली, आणि जत्रेपायी पोरंही रोज तालमीत येत राहिली. नवव्या दिवशी भिकनला लघवीला काळपट लाल झालं आणि त्याचे पाय उचलेनात. चुडामण नाना तडक तिच्याकडे आले.

“अक्का, हाऊ पाळना बंद करा. पोऱ्या मरी जाई.”

“नाना, तुमना पोरे पाचच शेतस ना?”

“पाचच.”

“माले सहा ऐकू येतस.”

चुडामण नाना खाली बघत म्हणाले, “कोपरामा, भिंतजोडे, मातीमा खड्डा पडेल शे. दोन पायना. मी रोज बुजस, रोज पडस. तठे कोनीच उभं ऱ्हात नही.”

झुंबरबाई म्हणाली, “सकाय बठ्ठास्ले बाहेर बसाडा. माले एकडाव म्हनू द्या.”

दुसऱ्या दिवशी बाकीचे पहिलवान रस्त्यावर बसले. दाराला नानांनी कडी घातली. झुंबरबाईने अंगणातून पाळणा धरला, आणि रिकाम्या तालमीतून आवाज यायला लागला. धप्प, आणि मग डावा. ती सगळी कडवी म्हणाली नि गप्प झाली. तरी पावलं थांबली नाहीत. मुसळ थांबलं, गाणं थांबलं, गल्लीतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या, तरी पलीकडे बैठका चालूच. उलट जास्त जोरात. भिंतीवरचा पोपडा सुटून खाली पडला.

तेव्हा ती उठली. त्या तालमीत बाईमाणूस कधी गेलं नव्हतं. तिने बाहेर चपला काढल्या, नानांनी कडी काढली, आणि ती आखाड्याच्या हौद्यातल्या लाल मातीत उतरली. नाना उंबऱ्यावरून बघत होते. कोपऱ्यातल्या खड्ड्यातली माती दर ठोक्याला उडत होती. झुंबरबाई त्याच्यासमोर उभी राहिली. हात वर केला, उंच माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा, आणि हळूहळू खाली दाबला.

“पुरे रे पुना,” ती म्हणाली. “थकना तू. बस आते.”

आणखी तीन ठोके पडले, प्रत्येक आधीपेक्षा हलका. मग माती निपचित झाली.

ती बाहेर आली तेव्हा तिचा उजवा तळहात ओला होता. मनगटावरून घामाचे ओघळ कोपरापर्यंत आले होते. कुणीतरी पुसायला फडकं दिलं, ते तिने घेतलं नाही. हात मांडीवर उताणा ठेवून ती अंगणात बसून राहिली, तो आपोआप वाळेपर्यंत.

त्याच आठवड्यात तिने उखळ शेजारणीला देऊन टाकलं आणि ती नरडाण्याला भावाकडे, रुपचंदकडे, राहायला गेली. चुडामण नानांनी तालमीत हलगीवाला ठेवला. भिकन तीन महिने अंथरुणाला खिळून होता. मग चालायला लागला, कुस्ती मात्र कायमची सुटली. छप्पन साली त्याचं लग्न ठरलं, तेव्हा तो झुंबरबाईला बोलवायला गेला. भावाच्या ओट्यावर ती कापूस निवडत बसली होती. तिने त्याला कळण्याची भाकरी नि ठेचा वाढला, मुलगी कुठली म्हणून विचारलं, आणि हळदीच्या आदल्या दिवशी येते म्हणाली.

ती आली. बायकांत बसून तिने हळदीची चार गाणी म्हटली.