नऊ सेकंद आधीचा उजेड

माझी जीभ वाईट आहे. हे मी परवापरवापर्यंत अभिमानाने सांगत असे. सांगलीच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवते. मुलं पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात खोटं काही नाही. सकाळी एखाद्याचा पाणउतारा केला की मला दिवसभर तरतरी असते. पण आज सांगायचंय ते वर्गातलं नाही. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या एका निवृत्त सुभेदारांचं मी काय केलं, ते सांगायचंय.

फार लांबच्या दीर्घिकांमध्ये रेडिओलहरींचे स्फोट होतात. सेकंदाच्या हजाराव्या भागात सगळा खेळ आटोपतो. ते कशाने होतात हे नक्की कुणाला माहीत नाही. त्यांच्याबरोबर डोळ्यांना दिसतो तसला साधा उजेड चमकतो का, हेही माहीत नाही. तो सापडला तर निम्मं कोडं सुटेल. बरेचसे स्फोट एकदाच होतात, पण काही जागा पुन्हा पुन्हा फुटतात. अशा एका जागेवर एक मोठी रेडिओ दुर्बीण नजर ठेवून होती. त्याच वेळी त्याच जागेवर कॅमेरा रोखून बसायचं काम मी मागून घेतलं. मोठ्या दुर्बिणींना एकाच ठिकाणी महिनाभर बघत बसायला सवड नसते. मला सवडच सवड होती.

दहिवडीच्या पुढे आमचा माळ आहे. वडिलांनी तिथे जन्मभर मेंढरं राखली. दुर्बिणीसाठी मी जागा मागितली तेव्हा ते म्हणाले, "घे की. मेंढरास्नी हितं गवात न्हाई आन् तुला उजेड नगं. बरं जुळलं." मग तिथे पत्र्याची खोली उभी राहिली, सरकत्या छपराची. आत सोळा इंची दुर्बीण.

सुभेदार कराडकडचे. घरचा ऊस, आणि फौजेत सगळी नोकरी सिग्नलमध्ये. कॉलेजातल्या प्रदर्शनात माझा कॅमेरा मांडला होता, तिथे ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं घड्याळ खोटं बोलतंय." खरंच बोलत होतं, पाऊण सेकंदाने. त्यानंतर ते दर आठवड्याला दोन एस.ट्या बदलून माळावर येऊ लागले. कॅमेऱ्याला उपग्रहावरची अचूक वेळ जोडली ती त्यांनीच. मोबदला म्हणून त्यांनी एकच गोष्ट मागितली: या संशोधनाचा पेपर छापून येईल तेव्हा त्यावर नाव. "आमच्या घराण्यात नाव फकस्त दोन जागी हाय, मॅडम. सातबाऱ्यावर आन् पलटणीच्या यादीत. एकदा तिसऱ्या जागी यिऊ द्या." मी शब्द दिला.

कॅमेरा सेकंदाला वीस चित्रं घ्यायचा. सगळी ठेवली तर डिस्क लगेच भरायची, म्हणून संगणक फक्त शेवटचं एक मिनिट धरून ठेवी आणि जुनं पुसत जाई. स्फोट झाला की काही सेकंदांतच रेडिओवाल्यांचा निरोप यायचा. त्यांनी कळवलेल्या वेळेच्या आधीचे पाच आणि नंतरचे पाच सेकंद तेवढे जपायचे, असं मी ठरवलं होतं.

एके दिवशी प्राचार्य आठ-दहा जणांना घेऊन माळ बघायला आले. मी ऐटीत सगळं समजावत होते. रेडिओलहरी वाटेतल्या विरळ वायूत रेंगाळतात, उजेड रेंगाळत नाही, हेही सांगून झालं. तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "मॅडम, मंग उजेड आदीच यिऊन जाणार न्हवं? मागचं सगळं मिनिट ठिवू या की."

बहुतेक वेधशाळा निरोप पाठवतानाच हा उशीर वजा करतात, म्हणजे कळवलेली वेळ उजेडाचीच असते. हे रेडिओवालेही करत असतील असं मी गृहीत धरलं होतं. एवढं एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हणाले, "सुभेदार, तुम्ही घड्याळाला किल्ली द्या. आकाश माझ्याकडे राहू द्या."

सगळे हसले, प्राचार्य जरा जास्तच. सुभेदारही थोडे हसले आणि त्यांनी पाच-पाचच बसवलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

जानेवारीत, संध्याकाळी आठच्या सुमाराला, स्फोट झाला. तोवर नोंदलेल्या सगळ्यांत जोरदार होता. निरोप आला आणि आम्ही दोनशे चित्रं उघडली. दोनशेही कोरी, एकातही चमक नाही. सुभेदारांनी चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून पाहिली. "न्हाई," ते म्हणाले, आणि छप्पर ओढून घ्यायला उठले.

तिसऱ्या दिवशी सांगलीत लिहायला बसले. संदर्भ द्यायचा म्हणून रेडिओवाल्यांची माहितीपुस्तिका उघडली. चौथ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की कळवलेल्या वेळेतून उशीर वजा केलेला नाही. मी गणित केलं. नऊ सेकंद. उजेड आला असलाच तर नऊ सेकंद आधी येऊन गेला होता, आणि आम्ही पाचच जपले होते. बाकीचं संगणकाने मिनिटाच्या आत पुसून टाकलं होतं. ती जागा त्या आठवड्यानंतर गप्प झाली, ती अजून बोललेली नाही. मला रडू आलं नाही, राग आला. आणि राग आला की मी माणूस शोधते.

पुढच्याच आठवड्यात रेडिओवाल्यांशी ऑनलाइन बैठक होती. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले होते. पेपरवर नाव येणाऱ्या माणसाची ओळख करून द्यायची, असं आमचं ठरलं होतं. पलीकडच्या प्रमुखाने शांतपणे विचारलं, आधीची चित्रं का ठेवली नाहीत? मी इंग्रजीत म्हणाले, "ते आमच्या तांत्रिक माणसाने बसवलं होतं."

वाक्य अक्षरशः खरं होतं. आकडे त्यांच्याच बोटांनी टाकले होते. त्यांना इंग्रजी चांगलं कळतं, हेही मला माहीत होतं.

सुभेदार उठून उभे राहिले, वरिष्ठासमोर राहतात तसे. त्यामुळे कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा आलाच नाही, शर्टाची बटणं तेवढी दिसली. "यस सर," ते म्हणाले. "माय मिस्टेक, सर." मग खाली बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. म्हणाले, "पुढची स्लाइड."

पेपर रेडिओवाल्यांचाच होता. आमच्या माळाबद्दल त्यात एक ओळ आली: तांत्रिक चुकीमुळे त्या वेळची चित्रं उपलब्ध नाहीत. तुमच्याकडून कुणाकुणाची नावं घालू, असं त्यांनी विचारलं होतं. मी एकच पाठवलं.

ऊसतोड चालू असताना मी त्यांच्या गावी गेले. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि ती आत गेली. अंगणात आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी म्हणाले, "चूक माझी होती, सुभेदार. तुमचं बरोबर होतं. मला माफ करा." हे शब्द माझ्या तोंडाला सवयीचे नाहीत. त्यांनी निवांत चहा संपवला.

"हितं कशाला सांगताय?" ते म्हणाले. "हितं मी हाय. मला म्हाईतच हाय की. तितं सांगायचं हुतं."

"सांगते. पत्र लिहिते त्यांना."

"लिवा."

एवढंच. मला पोचवायला ते फाटकापर्यंतही आले नाहीत.

ते पत्र मी चार वेळा लिहिलं आहे. एकदा माझ्या बढतीची फाईल वर गेली होती, म्हणून थांबले. एकदा नव्या कॅमेऱ्याचा अर्ज अडकला होता. दोनदा तर कारणही नव्हतं. आता कॅमेरा आला आहे, मागचं सगळं मिनिट जपणारा. माळावर कुणी आलं की मी ती व्यवस्था दाखवते. ही कल्पना तुमची का, असं लोक विचारतात, आणि मी नुसती हसते.

लाज वाटते. खरंच वाटते. म्हणून शेवटी हे लिहायला घेतलं, सगळं, काही न लपवता. पूर्ण झाल्यावर वाचून पाहिलं, तर यातही त्यांचं नाव मी कुठे घातलेलं नाही. घालता आलं असतं. पण त्यांचं छापलं तर माझंही छापावं लागेल.