मागे वळणारं बोट

ताइमीने जन्मभर पत्रं वाटली. उन्हाळ्यात होडीतून, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून, पायाला स्की बांधून. घरोघरी कॉफी प्यायली, पण एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरी कधी नेली नाही. अशाने तिची बोलण्याची सवयच मोडली. नवरा ओइवा कोळी. तो तिच्याहून अबोल. शनिवारी सौनाची वाफ घेऊन दोघं पायरीवर येऊन बसत आणि समोरच्या बेटावरचं मासेमार घारींचं घरटं बघत राहत.

घरटं तसं ओइवाचंच. घारींचं मूळ झाड वादळात पडलं, तेव्हा त्याने आणि त्याचा शाळूसोबती काउको याने दुसऱ्या पाइनचा शेंडा करवतीने उतरवला, वर फळ्या ठोकल्या, काटक्या रचल्या. पुढच्याच वसंतात जोडी राहायला आली आणि मग येतच राहिली.

गेल्या शरदात ओइवा गेला. जाण्याआधी त्याने होडीघराच्या भिंतीवर जाळं वाळत घातलं होतं. ताइमीने ते काढलं नाही.

"काढ ते आता," ओइवाची थोरली बहीण हिल्का म्हणाली. हिल्का शेजारच्या किनाऱ्यावर राहायची आणि तिचा आवाज तिच्या आधी घरात शिरायचा. "बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, कोळी झोपलाय आत."

"वाटू दे," ताइमी म्हणाली.

तळ्यावर अजून बर्फ होता तेव्हा नर आला. आफ्रिकेतून, एकटा, नेमका याच झाडावर. काही दिवसांनी मादी आली. ताइमी दरवर्षी हे बघत आलेली, तरी दरवर्षी तिच्या हातातली कॉफी गार व्हायची. घरट्याची डागडुजी सुरू झाली. नर वाळक्या फांदीवर झेप घ्यायचा आणि ती कडकन मोडून पायात धरून न्यायचा. एका सकाळी तो होडीघरावर उतरला, ओइवाच्या जाळ्याचा सुटलेला पुंजका त्याने ओढून काढला आणि बेटाकडे निघाला. निळसर दोरे हवेत लांबवर तरंगत गेले.

ताइमीला इतकं भरून आलं की तिने आपणहून हिल्काला फोन केला. "त्याचं जाळं त्याच्याच घरट्यात गेलं," ती म्हणाली.

जूनच्या सुरुवातीला पिल्लं निघाली. महिना सरत आला तशी तीन डोकी घरट्याच्या काठावरून दिसू लागली. मग दोनच. तिसरं पिल्लू होतं, पण उठत नव्हतं. भावंडं पंख ताणत, ते बसल्या जागी ओढ घेई आणि परत कोलमडे. ताइमीने दुर्बीण नीट लावली. त्याच्या पायापाशी निळसर काहीतरी होतं.

घारींच्या पिल्लांच्या पायात ओळखीची नंबर कोरलेली कडी घालायचं काम त्या भागात काउको करायचा. तिने त्याला बोलावलं. तो आला, दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिला.

"नायलॉन आहे. पाय वाढतोय, दोरा वाढत नाही."

"मग चढ ना."

"या पावसात? आई घरट्यावरून उठली की तिन्ही गारठतील. एकासाठी तिघं घालवू का?"

"मीच दिलं ते त्यांना," ताइमी म्हणाली.

"तू कसली देतेस. त्या नराने चोरलं." पण तो भिंतीवरच्या जाळ्याकडे न बघता बोलला.

पाऊस हटेना. ताइमीने त्याच दुपारी जाळं उतरवलं. न बोलावता हिल्का आली आणि दुसरं टोक धरून उभी राहिली. दोघींनी भर पावसात जाळं गुंडाळलं.

आभाळ उघडल्या दिवशी दोघं होडीने बेटावर गेली आणि काउको झाडावर चढला. मादी त्याच्या डोक्यावर गोल फिरत ओरडत होती. त्याने दोरे कापले आणि पिल्लू पिशवीत घालून खाली सोडलं. ताइमीने ते मांडीवर घेतलं. इतकी वर्षं लांबून बघितलेला जीव पहिल्यांदाच हाताला लागत होता. उबदार, मासळीच्या वासाचा, भलताच जड. नारिंगी डोळे तिच्यावर रोखलेले. त्यांत भीती नव्हती, ओळख नव्हती, नुसतं बघणं होतं.

"वजनावरून मुलगी दिसते," खाली आलेला काउको म्हणाला. त्याने पाय चाचपला. तळव्याला बारीक काटे होते, निसटता मासा अडकावा म्हणून. "हे बाहेरचं बोट बघ. मासा धरताना हे मागे वळतं. दोन पुढून, दोन मागून, अशी पकड. तेच सुजलंय."

"नाही वळलं तर?"

"तर बाप खाऊ घालतोय तोवर जगेल." त्याने दुसऱ्या पायात कडी घातली आणि पिल्लू परत वर घरट्यात नेऊन ठेवलं.

पिल्लं उडाली. सुजल्या बोटाची ती सगळ्यांत शेवटी उडाली, दुखरा पाय लोंबता ठेवून. त्यावरून लांबूनही ओळखू यायची. ऑगस्टच्या मध्यात आई निघून गेली. त्यांच्यात तसंच असतं. मग एक भाऊ, मग दुसरा. कुणी वाट दाखवत नाही. ज्याचा तो वारा बघतो आणि दक्षिणेला निघतो. बाप मात्र मासे आणत राहिला. ती पाण्यावर सूर मारायची आणि रिकामीच वर यायची. एकदा मासा पकडून उचलला, तोही हवेतच निसटला. ताइमीने बशी आपटावी तशी दुर्बीण टेबलावर ठेवली.

मग एका सकाळी बापाची फांदी रिकामी दिसली. ती दिवसभर घरट्यात बसून हाका मारत राहिली. कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिल्का गरम पाव घेऊन आली, तेव्हा ताइमी धक्क्यावर उभी होती. घार पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबली होती. मग पंख मिटले आणि ती दगडासारखी खाली आली. पाणी उसळलं, मिटलं. वर काहीच उरलं नाही. हिल्काने ताइमीचं मनगट धरलं.

पाणी फुटलं. आधी पंख आले, मग छाती, मग जोर लावत लावत ती उठली, आणि दोन्ही पायांत रुपेरी मासा वळवळत होता. हवेतच तिने अंग झटकलं. पायांची अदलाबदल करून मासा सरळ केला, तोंड पुढे, आणि घट्ट धरून घरट्याकडे गेली.

ताइमी होडीकडे निघाली, जवळून बघायला. हिल्काने तिला मागे ओढलं आणि, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, कुजबुजली, "बस खाली. जेवतेय ती."