थांगमास्तरांचा दुसरा नकाशा

कुठलंही पाणी दिसलं की थांगमास्तर आधी त्याची खोली विचारायचे. विहीर असो, तळं असो, रस्त्याकडेचा हौद असो, "किती वाव?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दोन्ही हात आडवे पसरले की जेवढं अंतर होतं तो एक वाव. दर्यावर्दी लोकांचं ते माप. सोलापुरात चैत्र लागला की बायका विहिरीत उतरून वाटीने घागर भरत. तिथे हा प्रश्न ऐकून लोक हसू दाबत. आमच्या कचेरीतल्या शिपायाने त्यांचं नाव थांगमास्तर ठेवलं आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं.

ही एकोणीसशे तीसच्या आधीची दोन-तीन वर्षं. मी रस्ते आणि पूल बांधणाऱ्या कचेरीत ट्रेसर होतो, तोही हंगामी. इतरांनी काढलेले कच्चे नकाशे पारदर्शक कापडावर शाईने गिरवायचे, एवढंच माझं काम. मास्तर पन्नाशीला आलेले. कोकणातल्या एका बंदराजवळचे. समुद्राचा तळ मापणाऱ्या बोटीवर त्यांची वीस वर्षं गेली होती. तिथून त्यांनी स्वतः अर्ज करून सोलापूर मागून घेतलं होतं. "मास्तर, एवढ्या लांब या कोरड्यात कशाला आलात?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "इथून समुद्र दिसत नाही, म्हणून." विणकरांच्या आळीत त्यांची खोली होती. घरमालकीण तेलुगू बोलायची, हे कोकणी हेल काढून मराठी बोलायचे, आणि दोघांना एकमेकांचं निम्मंच कळायचं. तिने वाढलेली कडक भाकरी हातात घेऊन ते म्हणत, "ही पाण्यात टाकली तर सरळ तळ गाठील," आणि वर दोन भाकऱ्या खात.

त्यांचं हत्यार म्हणजे एक लांब दोरी आणि तिच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा. गोळ्याच्या बुडाला खळगा होता, त्यात ते चरबी भरत. गोळा तळाला टेकला की चरबीला तिथलं काय असेल ते चिकटून वर येई. ते चिमटीत चोळून मास्तर सांगत, "गाळ. बारीक वाळू. इथे खडक." मी होडीत बसून दोरीवरचा आकडा वाचून सांगायचो आणि ते वहीत मांडायचे. होडी दहा हात पुढे सरकली की पुन्हा गोळा. कंटाळून मी एखादा आकडा अंदाजाने सांगितला, तर ते न रागावता होडी मागे घ्यायला लावत. "डोळ्यावर जाऊ नको, दिनकरा. वरून सगळं पाणी सारखंच दिसतं."

त्यांचं एक वाक्य मी अनेकदा ऐकलं: "पहिला नकाशा सगळेच मागतात, दुसरा कुणी मागत नाही." त्याचा अर्थ त्यांनी एका दुपारी, होडी झाडाला बांधून भाकरी खाताना सांगितला. त्यांच्या बंदराजवळ किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली वाळूचा लांबच लांब बांध होता. कुठल्याशा बांधकामाला वाळू हवी होती. ती कुठे किती आहे याचा नकाशा मास्तरांनीच काढून दिला. यंत्राच्या बोटीने दोन वर्षं वाळू उपसली. नंतर पुन्हा तळ मापू द्या म्हणून मास्तरांनी तीनदा लिहिलं, पण उत्तर आलं नाही. "लाटा त्या बांधावर फुटायच्या. बांध गेला, मग त्या गावावर फुटल्या. दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या बहिणीचं घर गेलं. घरात ती होती." एवढं बोलून त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. 

त्याच वर्षी भीमेवर पुलाचं काम निघालं. पुलाला वाळू हवी होती, आणि ठेकेदाराला ती जवळच्या उतारापाशीच सोयीची पडत होती. उतार म्हणजे नदी चालत ओलांडायची जागा. अलीकडची आणि पलीकडची गावं, गाड्या, मेंढरं, सगळी तिथूनच जात. उपसा सुरू व्हायच्या आधी मास्तरांनी तळ मापला, तेव्हा धोंडाबाई भेटली. ती धनगराची बायको, चाळिशीची, मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघाली होती. आमची दोरी बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तर, तुमची दोरी सांगती त्येच माझं पाय सांगत्यात की. हितं वाळू, तितं खडक. सासूच्या मागनं चालून शिकले म्या."

"मग चालून दाखवा, बाई."

ती पाण्यात शिरली. "गुडघा. मांडी. आता परत गुडघा. हितं डाव्या अंगाला जाऊ न्हाई." ती पुढे आणि आम्ही मागून गोळा टाकत. एकही आकडा चुकला नाही. मास्तरांना इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पलीकडे पोचल्यावर त्यांनी तिला चक्क हात जोडले. "बाई, तुम्ही आमच्या बोटीवर असता तर मला घरी बसवलं असतं."

"बोटीवर? अन् मेंढरं कुणी राखायची?" असं म्हणून ती हसत निघून गेली.

उपसा चार महिने चालला. सपाट पडावावर, म्हणजे रुंद होडीवर, वाफेचं यंत्र आणि त्याला बादल्यांची फिरती साखळी. वैशाखात काम संपून यंत्र तिथून हललं. मास्तर कुणाच्या हुकुमाची वाट न बघता मला घेऊन उतारावर गेले. पाणी वरून होतं तसंच, संथ आणि मळकट. पहिलाच गोळा टाकला आणि दोरी हातातून सरसरत गेली, ती थांबेचना. दोन वावांहून जास्त. पुढे पुन्हा तेच. साऱ्या उतारावर, काठापासून काठापर्यंत खड्डेच खड्डे होते. दोन दिवस उन्हात होडीत बसून आम्ही सगळं मापलं. तिसऱ्या दिवशी मास्तरांना हिवताप भरला. तापातच त्यांनी कच्चा नकाशा पुरा केला आणि मला दिला. "गिरवून रावसाहेबांना दे. एक नक्कल मामलेदारांकडे जाऊ दे. मृगाच्या आत उतारावर काट्या टाकून वाट बंद झाली पाहिजे, गावोगाव दवंडी गेली पाहिजे."

रावसाहेब आमच्या कचेरीचे मुख्य. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग दार लोटून मला म्हणाले, "मास्तरांना ताप होता ना? तापात माणूस चुकतो. उताराच्या जागी पहिल्या नकाशातलेच आकडे घाल. वरून तपासणी यायची आहे." मी नकाशा उचलला नाही. ते सौम्यपणे म्हणाले, "तू अजून हंगामीच आहेस, नाही का?"

घरी बायको सातव्या महिन्यात होती. मी ते आकडे घातले. मास्तरांचा कच्चा नकाशा रावसाहेबांनी ठेवून घेतला. आकडे नेहमीसारखेच सुबक आले. मास्तरांनी अंथरुणातून विचारलं, "नक्कल गेली?" मी म्हणालो, "गेली."

ज्येष्ठात पहिला पाऊस पडून नदी जराशी चढली, आणि पश्चिमेकडची मेंढरं परतली. धोंडाबाई नेहमीप्रमाणे पुढे होती. ती बुडाल्याची बातमी कळल्यावर मास्तर आजारातून नुकतेच उठलेले, तसेच टांग्याने निघाले. मी बरोबर होतो. काठावर तिचा नवरा मायाप्पा बसला होता. तिला खाली दोन कोसांवर काढलं होतं. मेलेली मेंढरं अजून वाहून काठाला लागत होती. पुढचं मेंढरू गेलं की मागचं त्याच्या मागे जातं. अर्धा कळप एकामागून एक त्या खड्ड्यात उतरला होता.

मायाप्पा मास्तरांकडे बघून म्हणाला, "तिचं पाय चुकलं न्हाईत, मास्तर. खाली भुईच नव्हती."

मास्तर म्हणाले, "काट्या का नव्हत्या? दवंडी का नाही दिली?" त्याला काय माहीत असणार? मला माहीत होतं. मी नदीकडे बघत राहिलो.

चौकशी डाकबंगल्यात झाली. रावसाहेबांनी माझा नकाशा टेबलावर पसरला. त्यात उतार गुडघाभर. म्हणजे खड्डे नव्या पुराने पाडले, उपशाने नव्हे. मास्तरांनी आपली वही काढली. रावसाहेब म्हणाले, ही मागाहून लिहिलेली आहे. चौकशीच्या साहेबाने मला विचारलं, "हे आकडे कुठून घेतलेस?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी खरं सांगेन अशी त्यांना अजून खात्री होती.

"मास्तरांनीच दिलेले," मी म्हणालो.

 वही मिटून मास्तरांनी सदऱ्याच्या खिशात घातली. खोटी नोंद केल्याचा ठपका ठेवून त्यांना कामावरून काढलं. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते सोलापूर सोडून निघाले, तेव्हा मी स्टेशनवर गेलो. घरमालकीण आधीच आली होती, तिने भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. मी पायांना हात लावायला वाकलो, तर त्यांनी मला मध्येच धरलं. मी सगळं सांगितलं: रावसाहेब, बायको, नोकरी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चौकशीच्या टेबलावरच ओळखलं मी. ते खोटे आकडे तुझ्याच हातचे, तुझा चारचा आकडा मला माहीत आहे." मग म्हणाले, "तुझा हात फार सुबक आहे, दिनकरा. तू काढलेलं लोकांना खरं वाटतं." हे त्यांनी कौतुकानेच म्हटलं, आणि म्हणूनच मला ते सोसवलं नाही. गाडी हलली. त्यांनी हात केला नाही, पण खिडकीही लावून घेतली नाही. पुढे दोन वर्षांनी ते बहिणीच्या गावी वारल्याचं कळलं. पत्र त्यांनी कधी लिहिलं नाही, मीही नाही.

पण ते सोलापूर सोडून गेले त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला आणि मायाप्पाच्या वाड्यावर, म्हणजे माळावर जिथे मेंढरं बसली होती तिथे गेलो. नकाशा मी बदलला, आकडे मी घातले, साहेबासमोर खोटं मी बोललो, सगळं उभ्याउभ्या सांगितलं. तो काठीने मारेल अशी माझी कल्पना होती. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो खाली बसून लोकर कातरत होता. कातर थांबली. त्याने मेंढराच्या पाठीवर हात ठेवला.

"समद्यांनी आईकलं का हे? साहेबानं?"

"लिहून पाठवलंय. उत्तर नाही."

"यायचं न्हाई." त्याने पुन्हा कातर उचलली. "उरलेली मेंढरं सुनंच्या हवाली हायती. ती बी त्याच नदीतनं जायाची, तिला दुसरी वाट न्हाई. आता उतार कुटनं हाय, त्ये सांगा."

मला माहीत नव्हतं. पुराने तळ पुन्हा हलला होता. दिवाळीनंतर पाणी उतरलं तेव्हा मी एक लांब बांबू घेऊन गेलो. मायाप्पा आणि त्याची सून उताराच्या खुणेसाठी काठावर दगड गोळा करून, त्यांना चुना फासून बसले होते. मी धोतर खोचलं, बांबू पुढे टेकवला, आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिला आकडा सांगितला.