सतोपंथच्या वाटेवर अडलेला श्वास

दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने मला अंथरुणाला खिळवलं होतं. त्यातून उठले, पण घराचा जिना चढले तरी धाप लागायची. रोज देवापुढे दिवा लावत होते खरं, पण मनात रुसवा होता. इतकी वर्षं नेमाने एकादशी केली, आणि देवाने माझा श्वासच अर्धा करून टाकला, असं वाटायचं. कुणापाशी बोलले नाही. देवाशीही बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं.

अशा दिवसांत माझी थोरली नणंद जळगावला आमच्याकडे राहायला आली. तिला सगळे अक्का म्हणतात. धुळ्याजवळच्या खेड्यात तिची शेती आहे. वयाने साठीच्या पुढे, पण शेताच्या बांधावरून अजून भरभर चालते. कुठल्याशा कीर्तनात तिने ऐकलं होतं की बद्रीनाथच्याही पलीकडे, बर्फाच्या डोंगरांत सतोपंथ नावाचं तळं आहे. पांडव त्याच वाटेने स्वर्गाला निघाले, आणि एकादशीला ब्रह्मा, विष्णू, महेश तिथे स्नानाला येतात. दुपारी चहा पिताना ती एकदम म्हणाली, "वहिनी, तू माले त्या तळावर लई जाशी का?"

मी तिला तिथे न्यायचं? मला हसावं की रडावं कळेना. हे तर ऐकूनच उडाले. म्हणाले, "अगं, एक मजला चढलीस की बसतेस तू. तिथे बर्फात कोण उचलणार तुला?" त्यांचं काही चुकत नव्हतं. पण रात्रभर ते तळं डोळ्यांपुढून हलेना. सकाळी मी अक्काला म्हटलं, आधी चालून तर बघू.

मेहरूण तलावाच्या कडेने आम्ही चालायला लागलो. पहिल्या आठवड्यात मी निम्म्या वाटेत कठड्यावर बसायची आणि अक्का माझ्या शेजारी उभी राहून पाण्यातले बगळे बघायची. घाई कर असं ती एकदाही म्हणाली नाही. हळूहळू पूर्ण फेरी जमायला लागली. मग आम्ही सातपुड्यात मनुदेवीच्या बाजूचे चढ चढलो, पाटणादेवीच्या रानात पाठीवर ओझं घेऊन फिरलो. अक्काने जन्मात बूट घातले नव्हते. लुगड्याखाली बूट घालून ती पहिल्यांदा गल्लीत आली तेव्हा शेजारणी दारात जमल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, फुफ्फुस स्वच्छ आहे म्हणाले. मात्र बजावलं, "उंचीवर त्रास वाढला तर हट्ट करू नका, सरळ खाली या." वनखात्याची परवानगी, माणा गावचा गाईड, तंबू, गरम कपडे, उंचीची सवय व्हावी म्हणून बद्रीनाथला जास्तीचे मुक्काम, सगळं मी जुळवलं. स्टेशनवर पोचवायला आले तेव्हा यांनी स्वतःची लोकरीची टोपी माझ्या पिशवीत कोंबली आणि तोंड फिरवून उभे राहिले.

भाद्रपदातल्या एकादशीच्या बेताने आम्ही बद्रीनाथ सोडलं. लक्ष्मीवनापर्यंत मी छान चालले. भूर्जपत्राची झाडं, उंचावरून कोसळणारं पाणी बघत अक्का नामस्मरण करत पुढे आणि मी मागे. पण दुसऱ्या दिवशी चक्रतीर्थाच्या कुरणावर पोचेपर्यंत माझी दशा झाली. छाती धडधडू लागली, श्वास छातीच्या वरच अडकायला लागला. गाईडने बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावून पाहिलं. आकडा ठीक होता. तरी मला आजारपणातल्या त्या खाटेवर पुन्हा पडल्यासारखं वाटलं. समोर उभा चढ, त्यावर दगडांचा खच, आणि पलीकडून धुकं खाली उतरत होतं. तळं त्या चढावरच्या डोंगरधारेच्या मागेच होतं.

मी अक्काला म्हटलं, "तुम्ही उद्या गाईडबरोबर जाऊन या. मी इथेच थांबते."

ती माझ्याशेजारी गवतावर बसली. म्हणाली, "देवना दारजोडे यीसन मी एकली मझार जाऊ का? तू नही तं मी बी नही." देवाच्या दारापाशी येऊनही ती माझ्यावाचून आत जायला तयार नव्हती. माझ्यामुळे तिचंही हुकणार, याचं मला रडू आलं. आणि मग कितीतरी महिन्यांनी मी देवाशी बोलले. म्हटलं, मला जेवढं येत होतं तेवढं सगळं मी केलं. आता माझ्याजवळ काही उरलं नाही. वर न्यायचं असेल तर ने, परत पाठवायचं असेल तर पाठव. मी रुसणार नाही.

एवढं बोलून डोळे पुसले, तोच धुक्यातून काही माणसं उतरताना दिसली. तळ्यावरून परतणारा गट होता. त्यातली चाळिशीतली एक बाई आमच्यापाशी थांबली. माझ्याकडे पाहिलं आणि चक्क मराठीत विचारलं, "काय होतंय ताई? मी डॉक्टर आहे. इंदूरची. फुफ्फुसांचेच रोगी बघते."

त्या उजाड डोंगरात, त्याच घडीला, फुफ्फुसांची डॉक्टर!

तिने पिशवीतून स्टेथोस्कोप काढला, पाठ, छाती नीट तपासली, आधीचा आजार विचारून घेतला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, फुफ्फुस तुमचं मस्त चाललंय. तुम्ही घाबरलाय, आणि घाबरून अर्धाच श्वास सोडताय. आधी पूर्ण सोडा. आत घ्यायची काळजी करू नका, तो आपोआप येतो." ती माझ्यासमोर बसून श्वास सोडायची, तिच्यामागून मी. हळूहळू धडधड शांत झाली. "उद्याचा दिवस इथेच विश्रांती घ्या आणि परवा चढा," ती म्हणाली.

परवा म्हणजे एकादशी टळणार होती. मी अक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "बठ्ठा दिवस त्यानाच शेतस." सगळे दिवस त्याचेच. प्रश्न संपला.

डॉक्टरबाईंनी मात्र पिशवी उचलली नाही. त्या जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, "तुमच्या गाईडची हरकत नसेल तर मी थांबू का तुमच्याबरोबर? काल आम्ही वर होतो, पण धुक्यात मला तळं दिसलंच नाही. आईसाठी आले होते, तिची फार इच्छा होती. ती आता नाही. उतरताना सारखं म्हणत होते, देवा, परत फिरायला काहीतरी कारण दे."

गाईडने लगेच मान डोलावली. त्यांचा गट पुढे गेला, त्या थांबल्या.

मधला दिवस विश्रांती घेऊन द्वादशीला उजाडताना निघालो. दगड पायाखाली डुगडुगत होते. पूर्ण श्वास सोडायचा, पाऊल टाकायचं, एवढंच मी करत होते. गाईडने हात पुढे केला की धरत होते. शेवटच्या धारेवर अक्का आधी पोचली आणि तिथेच मटकन बसली. "माय वं! बठ्ठं आभाय खाले उतरी उनं!"

मी वर आले, आणि खरंच सगळं आभाळ खाली उतरून आलं होतं. खाली तीन कोनांचं हिरवंनिळं तळं, पापणीही न हलवता पडलेलं. भोवती पांढरीशुभ्र शिखरं, धुक्याचा मागमूस नाही. डॉक्टरबाई हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांचे गाल भिजले होते. अक्काने काठावर डोकं टेकलं, ओंजळभर पाणी आधी माझ्या कपाळाला लावलं, मग स्वतःच्या. मी काहीच मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही. छातीभरून गार वारा आत येत होता, आणि मी नुसती हसत होते.

गाईड म्हणाला, पुढे चंद्रकुंड आहे, दमला असाल तर इथूनच परत फिरू. अक्का माझ्याकडे बघायला लागली. मीच म्हटलं, "चला!" आणि त्या छोट्या तळ्यापर्यंत सगळ्यांच्या पुढे मी चालले.

याला कुणी योगायोग म्हणालं तर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की त्या दुपारी मी माझ्या धापेवर रडत होते, आणि वरून उतरणाऱ्या एका लेकीच्या मागण्याचं उत्तर म्हणून देवाने तीच धाप वापरली. आता वाट अडली की मी त्याला कारण विचारत नाही. थांबते, आणि समोरून कोण येतंय ते बघते.