पोपटांची खिडकी

यवतमाळला घर बांधलं तेव्हा माझी एकच अट होती. समोरची खोली साधी हवी. सायीच्या रंगाच्या भिंती, तसेच पडदे, बस. नवऱ्याने मान डोलावली. सासूबाईंनीही लगेच डोलावली, तिथेच मला शंका यायला हवी होती.

वास्तुशांतीला आहेर आला. आमच्याकडे आहेराची साडी सहसा कुणी नेसत नाही. ती कपाटात थांबते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या ओटीत जाऊन पडते. सासूबाईंचं मत मात्र वेगळं. ज्याने दिलं त्याला ते आपल्या घरात दिसलं पाहिजे. त्यांनी शिलाई मशीन काढली आणि सगळ्या साड्यांचे पडदे, कव्हरं शिवली. डाव्या खिडकीत ढाणकीच्या मावशींची परातीएवढी कमळं लागली. उजवीकडे चुलतसासूंचे पट्टे, सोफ्यावर चौकटी, टीव्हीवर ठिपके, फ्रिजवर बिबट्या. मधल्या खिडकीत जांभळ्या रंगावर हिरवे पोपट, प्रत्येकाच्या चोचीत लाल मिरची. ही साडी कुठल्याशा लांबच्या पाहुण्यांकडून आली होती. सिलिंडर आणणारा माणूस दारातूनच म्हणाला, "मंडप अजून काढला नाही का जी?"

पाहुणे यायचे, आधी आपलं कापड शोधायचे आणि त्याच्याखालीच बसायचे. मावशींनी तर कमळं सोडून दुसरीकडे बसायला साफ नकार दिला. मी जाम वैतागले.

"आई, एक खिडकी तरी साधी ठेवा ना."

"कोनाची काढू, सांग. ज्याची काढन तो बोलनं बंद करन."

पोपटांना तर हात लावायची सोय नव्हती. अगदी तश्शीच साडी सासूबाईंनी पूर्वी आपल्या नणंदेला दिली होती, नागपूरची दुकानं पालथी घालून. आपल्यासारखी पसंत असलेलं आणखी कुणी जगात आहे, याचा त्यांना केवढा आनंद!

मग वणीहून ती नणंदच, म्हणजे आमच्या आत्याबाई, आल्या. सासूबाईंनी त्यांना थेट मधल्या खिडकीपाशी नेलं.

"पाहा बाई, हुबेहूब तुमच्या साडीवानी! तुमची घेऊन या पुढच्या वक्ताले. दुसऱ्या खिडकीले लावतो, जोडी होईन."

आत्याबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. पडद्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं.

"कुठून आनू वहिनी? तेच साडी हाय हे. सासरच्या भाचीच्या लग्नात देऊन टाकली होती मी."

मला हसू फुटलं आणि मी स्वयंपाकघरात पळाले. बाहेर आले तेव्हा मात्र कुणीच हसत नव्हतं. आत्याबाई दुपारच्याच एसटीने निघून गेल्या.

सासूबाई स्टुलावर चढल्या. आधी पोपट काढले, मग कमळं, मग पट्टे. चौकटी, ठिपके, बिबट्या, सगळ्याची घडी घातली. खोली अगदी मला हवी तशी झाली. मला आनंद व्हायला हवा होता.

त्या पोपट मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"खरं सांग माय, एवढी खराब होती का वं?"

मी साडीकडे नीट पाहिलं. फार भयंकर होती.

"मस्त आहे," मी म्हटलं आणि स्टूल पुन्हा खिडकीखाली ओढलं.