फ्रिजच्या दारावरचा कोसाइन

माझ्या आईच्या आजारपणात बायकोने शाळेतली गणिताची नोकरी सोडली. आई गेल्यावरही घर, मुलीची शाळा असं करता करता बारा वर्षं निघून गेली. यंदा कर्वेनगरातल्या एका क्लासने तिला डेमो लेक्चरला बोलावलं. अकरावीची मुलं, विषय कोसाइनचा आलेख. निरोप वाचून तिने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "अहो, वर्गात माझा आवाज तरी फुटेल का?"

गणिताची भीती तिला नव्हतीच. पुन्हा वर्गात उभं राहायचं होतं आणि ते आता आपल्याला जमणार नाही, असं तिला वाटत होतं. मला तिची फार माया आली. माया आली की मी आगाऊपणा करतो.

"माझ्यावर सराव कर," मी म्हणालो. "मी ढ विद्यार्थ्याचं सोंग घेतो."

"सोंग कशाला घ्यायला हवं?"

हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये फळा नाही, म्हणून फ्रिजचं दार घेतलं. तिने मार्करने y = 3 cos 2x + 1 असं लिहिलं आणि वळून म्हणाली, "अरे, रेलून बसू नकोस." इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला कधी अरे म्हटलं नव्हतं. मी मुकाट्याने सरळ बसलो.

"आधी शेवटचा अधिक एक बघ. त्याने सगळी लाट एकने वर उचलली, म्हणून मध्यरेषा y = 1." तिने त्या उंचीवर आडवी रेघ मारली. "पुढचा तीन सांगतो, लाट या रेघेच्या किती वर आणि किती खाली जाते ते. म्हणजे वर चारपर्यंत, खाली उणे दोनपर्यंत."

"आणि 2x मुळे लाट दुप्पट लांब," मी म्हणालो. हे मात्र सोंग नव्हतं. इंजिनिअर माणूस, चांगला ठासून बोललो होतो.

"आधी हात वर करायचा." मी केला. "दुप्पट वेगाने चाललास, तर मंडईत पोचायला वेळ दुप्पट लागेल की निम्मा?"

"निम्मा."

"मग? साध्या कोसाइनची एक फेरी 2π मध्ये पुरी होते. हिची π मध्येच."

मग तिने फ्रिजवरची पाच मॅग्नेट काढली. सहलींना जाऊन आम्ही दुसरं काही आणत नाही. "कोसाइन शिखरावरून निघतो," म्हणत पहिलं तिने शून्याच्या वर, चारच्या उंचीला लावलं. मग π चा एकेक चतुर्थांश पुढे सरकत मध्यरेषा, तळ, परत मध्यरेषा, परत शिखर. मी पट्टी घेऊन जोडायला उठलो, तर हातावर चापट बसली. "डोंगर नाही काढायचे, लाट आहे ती. वर आणि खाली गोलाई ठेव." तेवढ्यात शेजारच्या काकूंनी बेल वाजवून, सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. एकूण, आवाज फुटत होता.

डेमोच्या दिवशी मी तिला स्कूटरवरून सोडलं. मी क्लासबाहेरच्या पॅसेजमध्ये थांबलो. दार अर्धवट उघडं होतं, पण आतून पंख्याचीच घरघर ऐकू येत होती. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मॅम, आवाज येत नाहीये."

मग एका मुलीने विचारलं, "मॅम, 2x आहे म्हणजे पिरियड डबल होणार ना?"

"अगदी हेच आमच्याकडच्या एका विद्यार्थ्यांना वाटलं होतं," बायको म्हणाली. "पन्नाशीला आलेत. इंजिनिअर आहेत."

वर्ग खो खो हसला, आणि त्या हसण्याच्या वर तिचा आवाज चढला. स्वयंपाकघरातला, काकूंना बोलावणारा तोच आवाज. मंडई आली, निम्मा वेळ आला, शिखराची गोलाई आली. बाहेर हेल्मेट धरून उभा असलेला मी, आपली चेष्टा ऐकत, डोळे पुसत होतो. इतका आनंद मला स्वतःच्या प्रमोशनचाही झाला नव्हता.

ती बाहेर आली. "सोमवारपासून," एवढंच म्हणाली. जिना उतरल्यावर पुढे म्हणाली, "ते विद्यार्थ्याचं उदाहरण कायम ठेवा, असं क्लासवाले म्हणाले."

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"अरे, बघतोस काय? गाडी काढ."

मी हात वर केला.

"हं, विचार."

"पेढे कुठून घ्यायचे, मॅडम?"