एकशे बारा नंबरची सुमनबाई

"वाटप बंद करा! हे फलन नाही! एक नाव टाकलं आणि पाच बाया बाहेर पडल्या!"

धरणगावच्या शाळेत, मोफत तपासणी शिबिराचे रिपोर्ट वाटायच्या टेबलासमोर छत्री उगारून ओरडत होते ते आमचे पिंप्राळ्याचे शेजारी, निवृत्त गणित शिक्षक. त्यांच्याएवढा गणिती तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि तेवढा आवाज तर सातपुड्यापलीकडेही नसावा. पिंप्राळ्यात सर "चूक!" म्हणाले की शिरपूरच्या पोरांच्या पाट्या आपोआप पुसल्या जायच्या.

सरांनी जगाचे दोनच भाग केले होते, फलन, म्हणजे गणितातलं फंक्शन, असलेलं आणि फलन नसलेलं. "अनेकांना मिळून एक उत्तर चालेल, एकाला अनेक चालणार नाही," हा त्यांचा कायदा. कॉलनीतल्या चाळीस घरांना एकच दूधवाला, हे फलन. पण एका वहिनींकडे दोन दूधवाले येतात असं कळलं, तेव्हा सर भर रस्त्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, तुम्ही आख्खी कॉलनी बिघडवली!" वहिनी तीन महिने बोलल्या नाहीत. मे महिन्यात ते दर तासाला तापमान वहीत लिहीत. "दुपारी दोनला किती ते विचार, एकच आकडा सांगेन. पण बेचाळीस अंश किती वाजता होते असं विचारलंस, तर अकराही येतात आणि सहाही. उलटं चालत नाही बरं!" आम्ही घामानं निथळत असायचो, सरांना मात्र उलटं चालत नाही याचाच गारवा. थंडीत शेतात भरिताची पार्टी असली की एकच मळा, कपाशीच्या काड्यांचा एकच जाळ, आणि प्रत्येक अक्काच्या हातची चव निराळी. "फलन नाही," असं खिन्नपणे म्हणत सर प्रत्येकीचं भरीत दोनदा वाढून घेत.

त्या दिवशी ते माझ्यासोबत धरणगावला आले होते ते आईच्या हातच्या शेवभाजीसाठी. "सुमनबाई पाटील!" असा पुकारा झाला, पाच बाया उठल्या, त्यांत माझी आईही, आणि जिचा हात आधी पुढे आला तिला कागद मिळाला. मग पुन्हा पुकारा, पुन्हा तेच. आईच्या हाती आलेल्या कागदावर हृदयाच्या नळ्या बंद झाल्याचं लिहिलं होतं. आई बाकावर मटकन बसली. "आते कसं व्हई रे भाऊ?" तेव्हाच सरांची छत्री वर गेली होती.

"माय, तुमची नंबराची चिठ्ठी?" आईनं बटव्यातून काढली. शहाऐंशी. कागदावर एकशे बारा. "नावाचं फलन होत नाही, नंबराचं होतं!" सर गरजले. रजिस्टर उघडलं. शहाऐंशी नंबरापुढे सगळं ठीक होतं. मी आईला मिठी मारली, सरांच्या पाया पडलो आणि म्हटलं, चला, शेवभाजी.

सर हलेनात. "एकशे बारा कुठे आहे?"

ती आईचा चांगला कागद घेऊन केव्हाच घरी गेली होती. पत्त्याच्या रकान्यात नुसतं गावाचं नाव. मग माझ्या स्कूटरवर मागे एकशे बाराचा कागद छातीशी धरलेले सर, डोक्यावर ऊन, आणि दर तिसऱ्या दारात एक सुमनबाई. सर चिठ्ठी बघत, मान हलवत, "पुढे!" म्हणत. ओट्यावर शेंगा फोडत बसलेली अकरावी सुमनबाई म्हणाली, "मीच शे सुमन. माले काही व्हयेल नही, मना कागद चांगला शे."

तिची चिठ्ठी एकशे बाराची होती. सर तिच्यासमोर ओट्यावर बसले. "अक्का, तो कागद दुसरीचा शे," ते म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

त्याच आठवड्यात तिला धुळ्याला नेलं, ऑपरेशन झालं, आणि ती निभावली. आता दर हिवाळ्यात पिंप्राळ्याला भरिताच्या वांग्यांची पाटी येते. वर चिठ्ठी असते: सुमनबाई, ११२.

सरांचा आवाज आता बसलाय. तापमानाची वही मी लिहितो, ते नुसते आकडे ऐकतात. परवा त्याच वांग्यांचं भरीत वाढताना मी विचारलं, "सर, आईचं तर तिथेच निस्तरलं होतं. ती बाई ना ओळखीची ना पाळखीची. त्या उन्हात अकरा सुमनबाईंची दारं कशाला हिंडलात?"

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"तिचा कागद माझ्या हातात होता," ते म्हणाले.